बीटीसीरिकव्हर: वॉलेटचा पासवर्ड विसरलात, तर कोणाला पैसे देण्याआधी हे चालवून बघा

बिटकॉइनसारख्या क्रिप्टोच्या वॉलेटची फाईल हातात आहे पण पासवर्ड लागत नाही, किंवा बारा शब्दांचा सीड (ज्या शब्दांपासून अख्खं वॉलेट पुन्हा उभं करता येतं) कागदावर आहे पण त्यातला एक शब्द पुसट झालाय. या दोन्ही अडचणींवर बीटीसीरिकव्हर हे एकच टूल कामाला येतं. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, पायथनमध्ये लिहिलेलं आहे. मुळात ते गर्नेक या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने बनवलं. आता ‘थर्ड इटरेशन’ (3rdIteration) या गिटहब खात्यावरून ते पुढे सांभाळलं जातं आणि घ्यायची ती याच खात्यावरची प्रत. गर्नेकची मूळ प्रत पायथन २ च्या काळातली आहे. गूगलवर अजून सापडते, पण तिच्या नादी लागू नका.

आधी निकाल सांगतो. ज्याला आपला पासवर्ड साधारण कसा होता हे आठवतं, त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं दुसरं काही नाही. ज्याला काहीच आठवत नाही, त्याच्यासाठी हे टूल निरुपयोगी आहे आणि जगातली कुठलीच सेवा उपयोगाची नाही. हे टूल कुलूप तोडत नाही. तुम्ही दिलेल्या आठवणींच्या तुकड्यांपासून शक्य ते सगळे पासवर्ड बनवतं आणि एकेक लावून बघतं. त्यामुळे खरी मेहनत कॉम्प्युटरची नसते, कमांड देण्याआधी कागद-पेन घेऊन बसण्याची असते.

आत दोन वेगळ्या स्क्रिप्ट आहेत. ‘बीटीसीरिकव्हर’ ही पासवर्डसाठी: बिटकॉइन कोअरची वॉलेट डॉट डॅट फाईल, इलेक्ट्रम, मल्टीबिट, आर्मरी, ब्लॉकचेन डॉट कॉमचं वॉलेट, मेटामास्क, बीआयपी ३८ चं, म्हणजे पासवर्डने बंद केलेलं पेपर वॉलेट, आणि सीडला जोडलेला जादा पासफ्रेज, ज्याला लोक पंचविसावा शब्द म्हणतात. दुसरी ‘सीडरिकव्हर’, सीडमधले चुकलेले किंवा गहाळ शब्द शोधणारी. पहिलीला बहुतेक वेळा वॉलेटची फाईल लागते. दुसरीला त्या वॉलेटचा निदान एक जुना पत्ता (पैसे स्वीकारायला देतात ती अक्षर-अंकांची लांब ओळ) लागतो, म्हणजे सापडलेला सीड तुमचाच आहे हे तिला ताडून बघता येतं. जुने ईमेल, एक्स्चेंजमधून पैसे काढल्याची नोंद, मित्राला पाठवलेला स्क्रीनशॉट, यांत तो बहुधा मिळतो. पत्ता अजिबातच नसेल तर सगळ्या वापरलेल्या पत्त्यांचा डेटाबेस वापरायची सोय आहे, पण ती फाईल अवाढव्य आहे आणि रॅमही तशीच खाते.

इन्स्टॉल करताना बहुतेकांचं घोडं पायथनपाशी अडतं. नुकतीच आलेली सर्वांत नवी आवृत्ती घेतली की कॉइनकर्व्हसारखं एखादं पॅकेज तिच्यासाठी तयार नसतं आणि लाल अक्षरांचा पूर येतो. एक-दोन आवृत्त्या मागचं पायथन घ्या. गिटहबवरून झिप उतरवून घ्या, रिक्वायरमेंट्सची फाईल पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने इन्स्टॉल करा आणि सोबत येणारी चाचण्यांची स्क्रिप्ट एकदा पूर्ण चालवा. हे सगळं झाल्यावर इंटरनेट बंद. सीडचं काम असेल तर पेनड्राईव्हवरून चालणारं लिनक्स वापरणं उत्तम, म्हणजे काहीही हार्ड डिस्कवर उरत नाही. मूळ वॉलेट फाईलला हात लावू नका. दोन प्रती काढा, एक वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवून द्या आणि दुसरीवर काम करा.

टोकन फाईल

पासवर्डच्या शोधाचा जीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. टोकन फाईल म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. प्रत्येक ओळीत पासवर्डचा एक तुकडा. टूल या ओळींमधले तुकडे घेऊन, सोडून, क्रम बदलून जोड्या लावतं. एकाच ओळीत जागा सोडून अनेक पर्याय लिहिले, तर त्यांतला एका वेळी एकच घेतला जातो. ओळीच्या सुरुवातीला अधिक चिन्ह आणि मग जागा, म्हणजे या ओळीतलं काहीतरी पासवर्डमध्ये असलंच पाहिजे. तुकड्याच्या आधी टोपीचं चिन्ह लावलं की तो फक्त सुरुवातीला येतो, शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की फक्त शेवटी. टक्का चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी डी म्हणजे कुठलाही एक अंक.

समजा पासवर्ड गणेश, मग एखादं चिन्ह, मग साल असा काहीसा होता. पहिल्या ओळीत इंग्रजीतल्या ‘गणेश’ची तीन रूपं: पहिलं अक्षर मोठं, सगळी लहान, सगळी मोठी. ही ओळ सक्तीची. दुसऱ्या ओळीत ॲट, अंडरस्कोअर आणि हायफन. तिसऱ्या ओळीत २०१ आणि पुढे कुठलाही अंक. दुसरी-तिसरी ओळ ऐच्छिक ठेवली तर एकूण ६२१ पासवर्ड बनतात. आता ‘नाव सुरुवातीलाच होतं’ एवढं एक खात्रीने आठवलं आणि तिन्ही रूपांना टोपी लावली, की आकडा २२२ वर येतो. तुकडे तीनच असल्याने हा फरक किरकोळ वाटेल. सहा-सात ओळी झाल्या की अशी एक टोपी आठवड्याचं काम दिवसावर आणते.

नवखे लोक इथे ठराविक ठिकाणी फसतात. पासवर्डमध्येच टक्का, टोपी किंवा डॉलर असेल तर तो तसाच लिहून चालत नाही, कारण टूल त्याला आज्ञा समजतं. टक्क्यासाठी दोन टक्के, टोपीसाठी टक्का आणि टोपी, डॉलरसाठी टक्का आणि मोठा एस लिहायचा. पासवर्डमध्ये जागा असेल तर टक्का आणि लहान एस. ओळीच्या अगदी सुरुवातीला हॅश आला तर ती अख्खी ओळ टिप्पणी समजून सोडली जाते. म्हणून ज्यांचा पासवर्ड हॅशने सुरू होतो, त्यांचा खरा तुकडा कधी तपासलाच जात नाही आणि टूल शेवटी ‘सापडला नाही’ म्हणतं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाईल जपून सेव्ह करा. एक्स्टेंशन दिसत नसल्यामुळे नावाला दोनदा टीएक्सटी लागतं आणि मग टूलला फाईलच मिळत नाही.

टोकन फाईल तयार झाली की लगेच शोधायला सोडू नका. ‘लिस्टपास’ हा पर्याय देऊन टूल कोणते पासवर्ड बनवतंय ते नुसतं छापून बघा. वरच्या पन्नास ओळी डोळ्यांखालून घातल्या की चूक कुठे आहे ते कळतं.

मग येतात टायपो. पासवर्ड बरोबर माहीत आहे, अनेक वेळा वापरलाय, तरी लागत नाही, असं असेल तर पहिल्यांदा पासवर्ड ठेवतानाच बोट घसरलं असण्याची शक्यता मोठी. टूलमध्ये अक्षर लहान-मोठं होणं, गळणं, दोनदा पडणं, शेजारच्याशी अदलाबदल होणं असे प्रकार वेगवेगळे चालू करता येतात, आणि एकूण किती चुका धरायच्या तेही सांगता येतं. ‘गणेश ॲट २०१३’ या अकरा अक्षरी पासवर्डला हे चारही प्रकार लावून एकच चूक धरली तर ३८ नवी रूपं बनतात. दोन चुका धरल्या की शेकड्यांत जातात, तीन धरल्या की हजारांत. आधी एक चूक, न सापडल्यास दोन, असं चढत जा. कॅप्स लॉक चालू राहिल्याचा पर्याय वेगळा आहे. तो जवळजवळ फुकटात तपासून होतो, तेव्हा तो कायम लावा.

किती वेळ लागतो

वॉलेटप्रमाणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बिटकॉइन कोअर पासवर्डपासून किल्ली बनवताना एसएचए ५१२ या गणिती प्रक्रियेची किमान २५,००० आवर्तनं करतं, आणि नेमकी किती ते वॉलेट एनक्रिप्ट केलं तेव्हाच्या मशीनच्या वेगावरून ठरतं. वेगवान कॉम्प्युटरवर बनलेलं वॉलेट तपासायला जास्त जड. मेटामास्कची जुनी तिजोरी (किल्ल्यांची एनक्रिप्ट केलेली साठवण) १०,००० आवर्तनांची आहे, नवी ६,००,००० ची, म्हणजे तोच शोध साठपट महाग. म्हणून नव्या वॉलेटवर ‘सगळं काही’ लावून बघण्यात अर्थ नाही, टोकन फाईल घट्टच हवी.

‘ऑटोसेव्ह’ पर्याय सुरुवातीलाच लावा. टूल साधारण दर पाच मिनिटांनी प्रगती नोंदवतं आणि मध्येच वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू करतं. अट एवढीच की टोकन फाईल आणि पर्याय तेच असले पाहिजेत. मध्येच एक ओळ वाढवली की जुनी नोंद चालत नाही, शोध नव्याने करावा लागतो.

ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय आहे, पण ती बसवणं कटकटीचं आहे आणि इथेच मी टूलचे गुण कापतो. लाखो-कोटी पासवर्ड खरोखर तपासायचेच असतील तर हॅशकॅट हे पासवर्ड शोधणारं दुसरं टूल जास्त वेगाने काम करतं. बिटकॉइन कोअरसाठी त्याचा मोड ११३००, मेटामास्कसाठी २६६००. उत्तम जोडी अशी: टोकन फाईलपासून पासवर्डची यादी बीटीसीरिकव्हरच्या लिस्टपासने बनवायची आणि तपासायला हॅशकॅटला द्यायची.

सीडचा शोध

बीआयपी ३९, म्हणजे सीडसाठीचं सर्वमान्य मानक, त्याच्या यादीत २०४८ शब्द आहेत आणि पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द त्यात नाहीत. म्हणजे शब्दाची पहिली चार अक्षरं वाचता आली तर तो शब्द गेलाच नाही असं समजा. बारा शब्दांच्या सीडमध्ये शेवटचे ४ बिट पडताळणीचे असतात, म्हणून सोळांतला साधारण एकच संच वैध ठरतो. चोवीस शब्दांत ८ बिट पडताळणीचे, तिथे २५६ मधला एक.

बारांपैकी एक शब्द गहाळ आणि जागा माहीत: २०४८ शक्यता, पडताळणीनंतर १२८ च्या आसपास. क्षणात काम होतं. जागा माहीत नसली तरी २४,५७६, तेही काहीच नाही. दोन शब्द गहाळ आणि जागा माहीत: ४१,९४,३०४, त्यातल्या वैध २,६२,१४४. मशीन सेकंदाला १००० वैध सीड तपासतं असं धरलं तर साडेचार मिनिटांत संपलं. जागाही माहीत नसतील तर वैध १,७३,०१,५०४, म्हणजे पावणेपाच तास. तीन शब्द गहाळ पण जागा माहीत: सहा दिवसांहून थोडं जास्त. चार शब्द: त्याच वेगाने सुमारे ३५ वर्षं. तीन आणि चार यांच्यामधली ही दरी नीट लक्षात घ्या. ‘आमच्याकडे सुपरकॉम्प्युटर आहे, सहा शब्द गेले तरी काढून देतो’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे या गणितावरून घरबसल्या कळतं.

सगळे बारा शब्द आहेत, क्रम विसरला? ४७,९०,०१,६०० क्रम, त्यातले वैध सुमारे तीन कोटी, त्याच वेगाने सव्वाआठ तास. चोवीस शब्दांचा क्रम पूर्ण विसरला तर मात्र शक्यच नाही.

बीआयपी ३९ च्या अधिकृत याद्यांत मराठी किंवा हिंदी नाही. त्यामुळे कोणी इंग्रजी शब्द डायरीत देवनागरीत उतरवून ठेवले असतील तर एक वेगळाच घोळ होतो. ‘पीस’ लिहिलंय ते शांतता की तुकडा? ‘पेअर’ म्हणजे जोडी की फळ? ‘राइट’ म्हणजे बरोबर की लिहिणे? हे सहाही शब्द यादीत आहेत. सुदैवाने उपाय सोपा आहे. सीडसाठीही टोकन फाईल देता येते. प्रत्येक शब्दाची जागा बांधून टाका आणि शंका असलेल्या जागी दोन्ही स्पेलिंग एकाच ओळीत लिहा. असे तीन शब्द असले तरी शक्यता फक्त आठ. वडिलांची किंवा नवऱ्याची डायरी वारसांच्या हाती आली असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

सीडरिकव्हर काहीही पर्याय न देता सुरू केलं तर छोट्या खिडक्या उघडून एकेक प्रश्न विचारतं. पासवर्डच्या स्क्रिप्टला ही सोय नाही, तिथे कमांड टाईप करावीच लागते, आणि मार्गदर्शन सगळं इंग्रजीत आहे. टूल सांभाळणाऱ्याच्या ‘क्रिप्टो गाईड’ या यूट्यूब चॅनेलवर प्रत्येक प्रकारचं प्रात्यक्षिक आहे. आपल्या वॉलेटशी जुळणारा व्हिडिओ आधी बघून घ्या, वाचनापेक्षा त्यातून लवकर कळतं.

सगळं बरोबर असून सापडत नाही तेव्हा

वॉलेटचा प्रकार चुकलेला असतो. इलेक्ट्रमचा बारा शब्दांचा सीड बीआयपी ३९ सारखाच दिसतो, पण आवृत्ती २ पासून त्याची पडताळणी वेगळी आहे. तो ट्रेझर किंवा लेजर या हार्डवेअर वॉलेटमध्ये टाकला की अवैध म्हणतात आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. ब्लॉकचेन डॉट इन्फोच्या जुन्या काळातला शब्दसंच तर सीडच नव्हता, त्यात वॉलेटचा पासवर्ड दडवलेला असायचा.

पत्त्याचा मार्ग, म्हणजे सीडपासून पत्ता ज्या वाटेने काढला जातो ती, चुकतो. १ ने सुरू होणारा पत्ता ४४ च्या मार्गावर, ३ ने सुरू होणारा ४९ च्या, बीसी१क्यू ने सुरू होणारा ८४ च्या, बीसी१पी वाला ८६ च्या. टूल नेहमीचे मार्ग स्वतःच बघतं, पण वॉलेटमध्ये दुसरं-तिसरं खातं उघडलेलं असेल तर तो मार्ग तुम्हाला द्यावा लागतो. पत्त्यांची मर्यादाही बघा. तुमच्याकडचा पत्ता त्या वॉलेटचा चाळिसावा असेल आणि मर्यादा १० ठेवली असेल, तर बरोबर सीड समोरून जातो आणि टूलला ओळखू येत नाही. शिवाय दिलेला पत्ता पैसे स्वीकारण्याचा असावा. सुटे परत येतात तो पत्ता वेगळ्या साखळीवर असतो.

पंचविसाव्या शब्दाचं तर फारच फसवं. चुकीचा पासफ्रेज टाकला तरी ‘चूक’ असा संदेश येतच नाही, एक दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. शिल्लक शून्य दिसली म्हणजे पैसे चोरीला गेले असं धरून चालू नका. सीड, एक जुना पत्ता आणि पासफ्रेजचे तुकडे घेऊन टूल चालवा.

जुन्या बिटकॉइन कोअरची एक वेगळी मेख आहे. २०१६ च्या ०.१३ आवृत्तीआधी किल्ल्या एका सीडपासून बनत नव्हत्या. १०० किल्ल्यांचा साठा असायचा, तो वापरून संपला की नव्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसायच्या. पासवर्ड सापडूनही त्या फाईलमध्ये पैसे नसतील तर नंतरची दुसरी प्रत शोधा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: खऱ्या शोधाआधी तालीम करा. त्याच प्रकारचं नवं रिकामं वॉलेट बनवा, त्याला आपल्या टोकन फाईलमधून निघणारा एक पासवर्ड द्या आणि टूलला शोधू द्या. तो सापडला तरच खऱ्या वॉलेटकडे वळा. ही अर्ध्या तासाची तालीम टाळून लोक चुकीच्या कमांडवर आठवडेच्या आठवडे मशीन जाळतात.

दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर

चांगल्या सेवा आहेत. त्या सापडलेल्या रकमेतून टक्केवारी घेतात, आगाऊ पैसे मागत नाहीत. बीटीसीरिकव्हरसोबत ‘एक्स्ट्रॅक्ट’ नावाच्या छोट्या स्क्रिप्ट येतात आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. बिटकॉइन कोअरच्या फाईलमधून त्या फक्त एनक्रिप्ट केलेली मुख्य किल्ली काढून देतात. तेवढा तुकडा दुसऱ्याला पाठवला तर तो पासवर्ड शोधू शकतो, पण पैशांच्या किल्ल्या तुमच्याच फाईलमध्ये राहतात, त्याला हात लावता येत नाही. असा तुकडा नको, पूर्ण फाईलच पाठवा म्हणणाऱ्याला का म्हणून विचारा. सीडच्या बाबतीत मात्र अशी सोय नाही. सीड दिला म्हणजे पैसे दिले.

टेलिग्रामवर ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ म्हणून मेसेज करणारे, आधी फी किंवा सीड मागणारे, हे सरळ फसवणुकीचं दुकान. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर बँकेतली रक्कम थोपवता येण्याची शक्यता असते.

एक्स्चेंजवरच्या खात्याशी या टूलचा संबंध नाही. तिथल्या किल्ल्या कंपनीकडे असतात, पासवर्ड केवायसी दाखवून बदलून मिळतो, आणि जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर झाली तशी चोरी झाली तर उपाय कायद्याचा, सॉफ्टवेअरचा नाही. हार्डवेअर वॉलेटच्या पिनचंही तसंच: लेजर तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसतं, ट्रेझर सोळांनंतर. सीड असेल तर पुसलं गेल्याने बिघडत नाही, नसेल तर अंदाजाने एकही पिन टाकू नका.

पासवर्ड सापडला की टूल तो पडद्यावर दाखवून थांबतं. तो फोटो काढून किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवू नका, कागदावर उतरवा. नवं वॉलेट बनवा, त्याचा सीड लिहून घ्या, तो पुन्हा टाकून वॉलेट उघडतंय याची खात्री करा, आधी थोडी रक्कम पाठवा आणि मग सगळी. १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून त्या पत्त्यांवर बिटकॉइन पडून असतील तर त्याच किल्ल्यांवर तितकेच बिटकॉइन कॅशही आहेत. त्यासाठी किल्ल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकाव्या लागतात, म्हणून आधी बिटकॉइन नव्या वॉलेटमध्ये हलवा आणि ते कन्फर्म झाल्यावरच बिटकॉइन कॅशकडे वळा.